एका रेघेनं खोडलेलं

माझा स्वभाव डूख धरण्याचा आहे. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. मी सोडत नाही. अकरावीच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट मी अजून जपून ठेवली आहे, आणि ती आठवली की आजही जिभेवर गोड चव येते.

नवा रायपूरच्या एका संस्थेत त्या वर्षी आम्हा शाळकरी मुलांसाठी महिनाभराचं संशोधन शिबिर होतं. पाठांतर नाही, परीक्षा नाही. स्वतः मोजायचं, स्वतः लिहायचं. शेवटी बाहेरून परीक्षक येणार आणि आमच्या गटातल्या एकाच जणाला एका मोठ्या प्रयोगशाळेत पुढच्या शिबिराला पाठवणार. ती जागा मला हवी होती. बाबांची नोकरी तिकडेच मंत्रालयात, म्हणून रोज त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायची. त्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर मी मनातल्या मनात बॅग भरत असे.

आमचा विषय होता रायपूरच्या गच्च्यांवर पडणारी काळी धूळ. काचेच्या बशीला आतून व्हॅसलिनचा पातळ हात द्यायचा, तिचं वजन करायचं, पंधरा दिवस गच्चीवर ठेवायची आणि पुन्हा वजन करायचं. जितकं वाढलं तितकी धूळ. प्रत्येकाची एक गच्ची. माझी ब्राह्मणपाऱ्यातली, आमच्या भाड्याच्या घराची. आमच्या मार्गदर्शक सरांनी चौबे कॉलोनीतली स्वतःची गच्चीही दिली होती. तिथं त्यांची बाग होती, साठेक कुंड्या, आणि बागेमुळे धूळ कमी पडते असं त्यांचं ठाम मत होतं. शिबिर त्यासाठीच भरवलंय की काय, असं कधी कधी वाटायचं.

ते पंधरा दिवस आईनं गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या नाहीत. झाडू लावला नाही. शेजारच्या पोरांना पतंग उडवायला वर चढू दिलं नाही. "पोट्टीची सायन्सची बशी ठेवली हाय," असं ती साऱ्या गल्लीला सांगत सुटली होती.

वजन झालं. सरांच्या बशीत माझ्या बशीपेक्षा जास्त धूळ निघाली. कारण उघड होतं. कुंड्यांतली सुकी माती वाऱ्यावर उडत होती आणि त्यांचा माळी रोज खराटा मारत होता. मी तसं बोलून दाखवलं. तेवढंच चुकलं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "ब्राह्मणपारा की गली में मेरी छत से कम धूल? बेटा, तुम्हारी मम्मी ने पोंछ दी होगी। औरतों की आदत होती है।"

सगळे हसले. मीही हसले. सरांवर माझा राग आहेच, पण त्या हसण्याबद्दल माझा स्वतःवरही आहे.

"काट दो," सर म्हणाले. आकडा खोडला म्हणजे माझी गच्ची बाद, आणि मीही जवळपास बाद.

आता वहीचा नियम सांगते. पहिल्याच दिवशी सरांनीच शिकवला होता. पान फाडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. खोडायचं ते एकाच रेघेनं, खालचं वाचता येईल असं. शेजारी कारण लिहायचं आणि त्याखाली मार्गदर्शकांची सही घ्यायची. मी नियम अक्षरशः पाळला. आकड्यावर एक रेघ मारली आणि कारण लिहिलं, मराठीत. एरवी आई मराठीत बोलायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायची. पण अक्षरं तिनंच गिरवून घेतली होती, ती त्या दिवशी उपयोगी पडली: "हा आकडा बरोबर आहे. सरांच्या हट्टापायी खोडला."

सरांनी वरवर वाचलं. "आँकड़ा... बराबर... मराठी में क्यों?"

"जल्दी में लिख दिया, सर."

हिंदीत बराबर म्हणजे सारखं. खोडल्यानं हिशेब जुळला असं मी कबूल करतेय, असं त्यांना वाटलं असणार. "ठीक है," म्हणत त्यांनी झोकदार सही ठोकली. पुढचे दहा-बारा दिवस मी रोज ती सही उघडून बघायची. इतकं सुख मला पुढे कुठल्याच निकालानं दिलं नाही.

परीक्षक बाई नागपूरहून आल्या होत्या. त्यांनी माझी वही चाळली आणि त्या पानावर थांबल्या. मग सरांना म्हणाल्या, "सर, ज़रा ये पढ़ेंगे? ज़ोर से."

सरांनी वाचलं. "हा आकडा बरोबर आहे." पुढे अडखळले. "सरांच्या... हट्टा... पायी..."

"मतलब?"

सरांनी वही मिटायला घेतली. बाईंनीच सगळ्यांना सांगितलं, "आँकड़ा सही है, सर की ज़िद में काटा गया। नीचे दस्तख़त आपके हैं।"

सरांचे कान लाल झाले. या वेळी कोणी हसलं नाही. मी मात्र हसले, अगदी दात दिसतील असं.

मग बाई माझ्याकडे वळल्या. मराठीत विचारलं, "आकडा बरोबर होता ना? मग खोडला कोणाच्या हातानं?"

"माझ्या."

"काहून? का खोडला?"

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. तिनं बरोबर आकडा कधी खोडला नव्हता.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, पुसण्याचं बोलणंसुद्धा, जे तोवर लपवलं होतं. तिनं दोनच गोष्टी विचारल्या.

"जागा गेली?"

"हव."

"अन् त्यानं साऱ्याइच्या समोर वाचलं?"

"हव."

"बरं झालं." तिनं बशी मागितली. ती संस्थेला परत करायची होती. राखेनं घासून, धुऊन, पदरानं पुसून तिनं ती अशी लखलखीत केली की त्यात तिचं तोंड दिसत होतं. मग माझ्या हातात देत म्हणाली, "तुह्या सराले सांगजो, आता पुसली."

दुसऱ्या दिवशी सगळा गट सामान आवरत असताना मी ती सरांच्या टेबलावर ठेवली आणि आईचा निरोप आईच्याच शब्दांत सांगितला.

"मतलब?" सरांनी विचारलं. या वेळी मात्र त्यांनी विचारलं.

"मम्मी ने कहा है, सर," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोंछी अब है।"