सल्ला देईल तो भांडी घासेल

तन्वीचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या घरी तव्यावर डोसा घालत होते. "आत्या, तू ये," एवढंच म्हणाली. माझी ही भाची एरवी बडबडी. साधी भाजी काय केली ते सांगायलाही तिला पाव तास पुरत नाही. तिला शब्द सुचत नाहीत म्हटल्यावर मी गॅस बंद केला आणि कुणाला काय झालं हे न विचारताच निघाले. वाटभर डोक्यात दादा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. काळजी करायची ती दादाची, हा आमच्या घरातला वर्षानुवर्षांचा शिरस्ता. दहिसरला पोचले, बंद लिफ्टला शिव्या घालत चौथा मजला गाठला, तर दारात दादाच उभा. त्याला धडधाकट बघून मला क्षणभर हायसं वाटलं... त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते. आत रेखावहिनी होती. माझी भावजय. सकाळी खाली जाऊन दूध घेऊन आली, खुर्चीत बसली, पाणी मागितलं, आणि तन्वी पेला घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं आटोपलेलं होतं.

वहिनी कुडाळजवळच्या एका खेड्यातली. उंचीने इतकी ठेंगणी, की सिंकपाशी भांडी घासायला तिला पायाखाली लाकडी पाट लागायचा. आवाज मात्र असा, की तिने चौथ्या मजल्यावरून हाक मारली की गेटावरचा भाजीवाला थांबायचा. मी शाळेत मास्तरीण. सल्ला देणं हा माझा पिंड आणि पोटापाण्याचा उद्योगही. ही गावाकडची बाई मला काय शिकवणार, अशी माझी समजूत होती आणि ही शिकलेली नणंद घरात आली की चहा गार होईपर्यंत बोलत बसते, अशी तिची. सुरुवातीची काही वर्षं आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं.

मग दादाचं ते आजारपण आलं. दादा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशिनवर होता. उमेदीची सगळी वर्षं तिथे काढली आणि एके दिवशी मालकाने शटर ओढलं. दादा घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, दमलाय. पुढे आंघोळ सुटली, दाढी वाढली, जेवण ताटात वाळायला लागलं. काही विचारलं तर 'हं'. तेवढंही हळूहळू बंद झालं. नातेवाईक यायचे आणि सल्ले देऊन जायचे. एक काका म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलंय. एक मावशी वहिनीच्या कानाशी लागली, की मनाच्या डॉक्टरकडे अजिबात नेऊ नकोस, उद्या तन्वीचं लग्न अडेल. तन्वी तेव्हा शाळेत होती! वहिनीने सगळ्यांना चहा पाजला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दादाला रिक्षात घालून कांदिवलीच्या डॉक्टरांकडे नेलं. परत येताना गेटाशी शेजारणीने हटकलं, तर तिला भरल्या आवाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्यांका मनाच्या डॉक्टराकडे दाखवन इलंय. साखरेच्या आजाराक गोळी लागता ना, तशी ह्येका पण लागता." शेजारीण आल्या पावली आत गेली. मी मास्तरीण, पण असं चारचौघांत सांगायची माझी छाती झाली नसती.

गोळ्या लागू पडायला वेळ घेत होत्या. वहिनी रोज सकाळी त्याला उठवायची, न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी राहायची. "आधी आंघोळ, मगे दुःख," हे तिचं वाक्य. मग नदीवरच्या पुलापर्यंत चालवून आणायची. तो गप्प चालायचा, ही सगळ्या दहिसरची खबर त्याला सांगत राहायची. डॉक्टर म्हणायचे, यांनी थोडं बोलायला हवं. पण बोलवणार कसं? बोलण्याचं काम करणाऱ्या माझ्यासारखीलाही ते जमलं नव्हतं.

कोकणात जत्रेच्या वेळी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी खड्या आवाजात गावाची सगळी दुखणी देवाला सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यापाठी जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमचं लहानपण मुंबईत गेलं, तरी दर वर्षी वडील जत्रेला न्यायचे आणि वडिलांच्या खांद्यावर बसून दादा सगळ्यांच्या आधी व्हय म्हणायचा. वहिनीने हे कुठून तरी ऐकून ठेवलं असावं. एका रविवारी दिवेलागणीला तिने देवापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घरात जी काय इडापिडा असात, जा काय वाकडा-तिकडा असात, ता सरळ कर रे म्हाराजा..." आणि भिंतीकडे तोंड केलेल्या दादाच्या घशातून खरखरत आलं, "व्हय म्हाराजा." वहिनीने वळूनसुद्धा बघितलं नाही. आवाज जराही न हलवता पुढचं वाक्य घातलं. मी मात्र ओट्याला धरून रडले. त्या काकांना हे कळलं तेव्हा ते फणकारले, की बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. वहिनी म्हणाली, "मगे दर रविवारी तुमी येवा दहिसराक, तुमीच घाला." काकांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

दादा सावरला. पुढे एका सोसायटीच्या पंपांची देखभाल बघू लागला, पण गोळी आणि रविवार या दोन गोष्टी सुटल्या नाहीत. हळूहळू रविवारची रीतच पडून गेली. दुपारी मासे, संध्याकाळी गाऱ्हाणं. ज्याच्या मनात जे साठलं असेल ते त्याने देवापुढे मोठ्याने बोलायचं, बाकीच्यांनी फक्त व्हय म्हणायचं. सल्ला नाही. 'तू असं कर ना' नाही, 'मी असते तर' नाही. वहिनीचा नियमच होता, जो सल्ला देईल तो रात्रीची भांडी घासेल. मी तिला एकदा चिडून विचारलं, की अगं, नुसतं व्हय म्हणून काय होतं? ती म्हणाली, "दुखता थंय आधी हात ठेवक होयो गो. औषध मगे." मी एवढी भांडी घासली आहेत त्या घरात, की माझ्या बोटांना त्या कढईचा खड्डा न् खड्डा ठाऊक आहे.

आणि ते 'मगे' ती विसरत नसे. रविवारी गप्प राहणारी ही बाई सोमवारी फोन करायची. शाळेत एका वर्षी वरच्यांशी माझं इतकं बिनसलं, की माझी झोप उडाली. मी, जिने जगाला शहाणपण वाटलं, तिने त्या नारळापुढे उभं राहून सांगितलं, की मला भीती वाटते, मला वर्गात जावंसं वाटत नाही. तिघांनी शांतपणे व्हय म्हाराजा म्हटलं. त्या रात्री तिथेच चटईवर मी लहान पोरीसारखी झोपले. सोमवारी वहिनीचा फोन आलाच. कांदिवलीच्या त्याच डॉक्टरांची वेळ तिने माझ्यासाठी घेऊन ठेवली होती आणि माझ्याबरोबर यायला ती पातळ नेसून तयारही होती.

दादाने स्वतःचं गाऱ्हाणं मात्र कधीच घातलं नाही. सगळ्यांच्या दुःखाला त्याचा व्हय सगळ्यात मोठा, स्वतःचं काही नाही. तन्वी कधी कधी म्हणायची, आई, बाबांना म्हणायला लाव ना आज. वहिनी नारळ सोलताना हसायची. "म्हणतले एक दिवस. मी खंय जातंय?"

वहिनीची स्वतःची गाऱ्हाणी म्हणजे निव्वळ करमणूक. वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशिन, पावट्यातली अळी, मालिकेतली ती मेली सासू. शेवटच्या रविवारी तिने लिफ्टचं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही लिफ्ट बंद पडान महिनो झालो. जिने चढताना दम लागता, छातीत गच्च होता, ती लिफ्ट एकदा चालू कर रे म्हाराजा." आम्ही हसत हसत, दणकून व्हय म्हाराजा म्हटलं. दादाचा आवाज सगळ्यांच्या वर. लिफ्टला आम्ही सगळेच वैतागलो होतो, आम्हाला लिफ्ट ऐकू आली... दम कुणालाच ऐकू आला नाही. त्या दिवशी कुणी सल्ला दिला नाही, म्हणून भांडी वहिनीच्याच वाट्याला आली. पाटावर उभी राहून घासता घासता ती मध्येच थांबली, मनगटाने कपाळ पुसलं. काय गं, म्हटलं, तर उकडतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. आम्हा सगळ्यांचे सोमवार सांभाळणाऱ्या त्या बाईला त्या सोमवारी फोन करणारं कुणी नव्हतं. मंगळवारी सकाळी ती दूध आणायला खाली गेली.

आधी दाखवलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तेराव्यानंतर लिफ्ट सुरू झाली. दादा तीत पाऊल ठेवत नाही, चारही जिने चढतो, प्रत्येक वळणावर थांबतो. घरात आला की पुन्हा तीच भिंत. गोळ्यांच्या पट्ट्या तशाच भरलेल्या. तन्वीने मला जिन्यात गाठलं. "आत्या, बाबा परत तसे झाले तर? आईसारखं मला नाही गं येत काही." जगाला सल्ले देणारी मी तिच्या हातातली पिशवी घेऊन जिना चढू लागले. वहिनी गेली याचं दुःख होतंच, पण आता तिने एवढ्या कष्टाने परत आणलेला माणूसही आमच्या डोळ्यांदेखत हातातून चालला होता.

गेल्या रविवारी मी गेले. मासे आणायचं कुणाच्या मनात आलं नाही, वरणभात झाला. दिवेलागणीला तन्वीने सवयीने देवापुढे नारळ ठेवला आणि मग तिच्या लक्षात आलं, की घालणारं कुणी नाही. ती तशीच उभी राहिली. मी तोंड उघडलं, पण मला पहिलं वाक्यसुद्धा धड येईना... इतकी वर्षं मी फक्त व्हय म्हणत आले होते. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. दादा येऊन आमच्या मध्ये उभा राहिला. हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला. "तिना सांगल्यान, दम लागता म्हणान. माका आयकाक येवक नाय. मी हसान व्हय म्हटलंय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघी कशाबशा म्हणालो.

"माझी रेखा गेली रे म्हाराजा."

याला व्हय कसं म्हणायचं? तन्वीने ओढणी तोंडात कोंबली. पण वहिनी सांगायची, की पाठीमागून व्हय आला नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, तिथेच लोंबकळत राहतं. दादा डोळे मिटून वाट बघत होता. तिने जे ऐकायची इतकी वर्षं वाट पाहिली, ते तो बोलला होता आणि ऐकायला ती नव्हती. मी तन्वीचा हात धरला आणि आम्ही म्हटलं. व्हय म्हाराजा. गेली ती. व्हय.

दादा खाली बसला आणि हमसून हमसून रडला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला आणि शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"दादा," मी म्हटलं, "गोळी घे रे. उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते बरोबर."

त्याने मान वर केली. डोळे पुसले. तन्वीने पुढे केलेला पेला घेतला, गोळी गिळली.

"मंगल," तो म्हणाला, "भांडी तुझी."

मी स्वयंपाकघरात गेले. सिंकखाली तिचा पाट तसाच होता. मला उंचीला पाट लागत नाही. तरी मी तो पुढे ओढला, त्यावर उभी राहिले आणि नळ सोडला.