तळ दिसेपर्यंत

आई गेल्यावर बाबांना मी पेणहून वरसे गावी आमच्याकडे आणलं. जन्म मिठागरात काढलेला माणूस, पाण्याशिवाय त्यांना करमेना. म्हणून नवऱ्याने अंगणात छोटं तळं बांधलं, त्यात दहा सोनेरी मासे सोडले. बाबा दुपारचं ताट घेऊन काठावर बसायला लागले. ताट रोज लख्ख रिकामं परत यायचं. चला, रुळले एकदाचे, असं मी शेजारणींना सांगत सुटले.

महिन्याभरात पाणी हिरवंगार झालं, वास मारायला लागलं. मला घाण मुळीच खपत नाही. एका रविवारी मासे बादलीत काढले, सगळं पाणी उपसलं, तळाशी साचलेला लगदा शेवाळ समजून फेकला, तळ ब्लीचिंग पावडरीने घासला आणि नळाचं ताजं पाणी भरून मासे परत सोडले. स्वतःवर जाम खूश होते मी. संध्याकाळी सात मासे उलटे तरंगत होते.

केळीच्या बुंध्याशी खड्डा काढून बाबांनी ते पुरले. मी मोरीत जाऊन रडले. मग ठरवलं, उरलेले तीन काही झालं तरी जगवायचेच.

शेवटी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, खाडीचं पाणी आम्ही कधी थेट मिठाच्या वाफ्यात घेतलं नाय, आधी एका वाफ्यात निवळू द्यायचं, मग पुढच्यात सोडायचं. झालं तर. दोन ड्रम आणले. नळाचं पाणी पहिल्यात दोन दिवस उघडं, मग दुसऱ्यात, आणि तिथून आठवड्याला चारच बादल्या तळ्यात. तेवढंच जुनं पाणी काढून केळीला. तळ घासायचं नाव नाही. नवरा कंपनीतून शिफ्ट करून आला की चिडवायचा, आता हिचंपण मिठागर सुरू झालं. हसू दे मेल्याला.

दीड महिन्याने एका सकाळी तळ दिसला. आणि तळाशी दिसली भाकरी. फुगलेली, कुजत चाललेली, एक तुकडा नाही, चांगली अर्धी. बाजूला आणखी तुकडे.

बाबांचा सदरा ढगळ झाला होता, ते मी वयावर ढकललं होतं. त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त.

दुपारी माझंही ताट आणि कालवणाचं पातेलं घेऊन काठावर गेले. बाबांनी तुकडा मोडला, हात पाण्याकडे गेला. मी मनगट धरलं.

"बाबा, ही भाकरी तुमची आहे."

त्यांनी हात सोडवला नाही. "तुझी आय समोर बसायची गो," ते म्हणाले. "एकट्याला घास उतरत नाय."

मी मनगट सोडलं. कालवणाचं पातेलं दोघांच्या मध्ये ठेवलं आणि जेवायला सुरुवात केली. मग बाबांनी तो तुकडा कालवणात बुडवला.

बाबांचं ताट रिकामं झालं, तरी ते उचलण्याआधी मी तळ्यात वाकून बघितलं.