थरथर थांबलेले उंदीर

गावात मला उंदरांची मास्तरीण म्हणतात. धारूरच्या डोंगराकडेला आमचं गाव, आणि मी जिल्ह्याच्या ठिकाणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांना रोज थोडं थोडं कीटकनाशक पाजते. तेच, जे आमच्याकडे कापसावर मारतात. ठरलेले दिवस भरले की त्यांचा मेंदू काढायचा, बर्फावर ठेवून वाटायचा आणि त्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, किती उरलंय ते मोजायचं. एका नसेने दुसरीला दिलेला निरोप पोचला की तो पुसून टाकणं, हे त्या विकराचं काम. ते कमी पडलं की निरोप साचत जातात आणि सगळा गोंधळ होतो. मोजताना नळीत पिवळा रंग चढतो. विकर कमी, तर रंग फिका.

पाजायला लागल्यावर सुरुवातीला उंदीर थरथरतात, लाळ गाळतात, कोपऱ्यात अंग चोरून बसतात. मग हळूहळू थरथर थांबते. खायला लागतात, पिंजऱ्यात हिंडतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, चला, सुधारले बिचारे. मेंदू तपासला तर रंग आणखीच फिका! शरीराने सोसायला शिकून घेतलं होतं, एवढंच. आत काहीही भरून आलेलं नव्हतं.

माझा थोरला भाऊ गावात फवारणी करतो. स्वतःचं रान झालं की दुसऱ्यांचं. नवशिक्यांना औषध मारताना चक्कर येते, उलट्या होतात. दादाला काही होत नाही, म्हणून सगळे त्यालाच बोलावतात. तोही छाती काढून सांगतो, "पयल्या साली लई तरास झालता. आता अंगवळणी पडलंय. मला काय बी होत न्हाई." तोंडाला फडकं बांध, अंगभर कपडे घाल, असं कानीकपाळी ओरडून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा पोळ्याला गावी गेले. आदल्या संध्याकाळी खांदेमळण असते; वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळायचे. दादा हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाही. त्याने एका बैलाचा खांदा चोळला, वाटी खाली ठेवली, फडक्याला हात पुसले. मग पुन्हा वाटी उचलली आणि त्याच बैलाचा तोच खांदा चोळायला लागला. दुसरा बैल मान पुढे करून उभा होता.

"दादा, ह्याचं झालंय," मी म्हटलं.

"कुठं झालंय? आत्ता तर धरलाय," तो हसत म्हणाला. बैलाच्या खांद्यावरची हळद अजून ओली होती.

मी वहिनीकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. मागोमाग गेले तर चुलीपाशी बसून म्हणाली, "ताई, उनाळ्यापासून असंच चाललंय ह्यांचं. मोटर चालू करून येतेत आन् परत मोटर चालू करायलाच जातेत. कुणाला सांगू मी?"

हे फवारणीनेच झालं, असं छातीठोकपणे सांगायची माझी हिंमत नाही. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, एवढं मलाही कळतं. पण पाजणं थांबवलेल्या उंदरांमध्ये ते विकर हळूहळू परत वाढताना मी पाहिलंय. बुडत्याने काडी धरावी तशी मी ती एक गोष्ट धरून बसले. तो आत्ता थांबला, तर अजून वेळ असेल.

पोळ्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर दादाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. थरथर थांबलेले उंदीर, फिका रंग, सगळं. त्याने मन लावून ऐकलं.

"उंदराला कळतं का गं, आपलं काय तरी कमी व्हायलंय म्हणून?"

"न्हाई कळत, दादा."

त्याने उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "मला बी भ्या वाटायलंय, बाई. कुणाला बोललो न्हाई."

मला रडूच फुटलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. उद्या सकाळच्या एसटीने अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, रक्त तपासायचं. जिवंत माणसात ते विकर किती उरलंय याचा थोडाफार अंदाज रक्तावरून येतो. आणि तोवर फवारणीच्या पंपाला हात लावायचा नाही.

सकाळी मी तयार होऊन ओसरीवर आले. वहिनी पाण्याला गेलेली. दादा नव्हता, कोपऱ्यातला पंपही नव्हता. वाट बघता बघता एसटी निघून गेली. मी रानाकडे धावत सुटले. शेजाऱ्याच्या कापसात तो पाठीवर पंप घेऊन चालला होता, उघड्या तोंडाने. मी इतकी संतापले होते की रडत रडतच ओरडले, "दादा, शब्द दिलतास ना मला!"

त्याने पंप बंद केला. माझ्या चांगल्या साडीकडे, हातातल्या पिशवीकडे पाहिलं. चेहऱ्यावर ना चोरटेपणा होता, ना राग. माझी काळजी तेवढी होती.

"रडायलीस कावून, बाई? कुठं निघालीस?"

"अंबाजोगाईला. तुझं रक्त तपासायला."

"मंग आदी सांगायचं न्हाई का?" तो म्हणाला. "सांगितलं असतंस तर आलो असतो की."