आठवणीआधीच्या वयाच्या डॉक्टर

वत्सलाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते दौंडच्या त्यांच्या दवाखान्यात. मी नर्सची नोकरी मागायला गेले होते आणि डॉक्टरीणबाई एका तान्ह्या बाळाशी गप्पा मारत बसल्या होत्या. मला वाटलं, यांना वेळ बराच दिसतोय. मग कळलं, कामच ते. बाळ पोटात असल्यापासून आईचा आवाज ओळखतं, बघायला मात्र जन्मल्यावर हळूहळू शिकतं. तेव्हा तोंड जवळ नेऊन बोला, असं त्या प्रत्येक आईला सांगत.

माझ्याच गावच्या, राहूच्या, एका मुलीच्या दोन्ही डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू निघाला. बाई स्वतः घरी गेल्या. आजी दारातच बसलेल्या. "सव्वा म्हैना लेकरू भाईर न्हाई काढत आमी. आन् कापाकापी वरसाची झाल्यावर बघू. मोतीबिंदू मलाबी हाय, कुठं पळून चाललाय?"

बाईंनी वाद घातला नाही, उंबऱ्याशीच टेकल्या. "आजी, तुम्ही बघायला कधीच शिकलाय. तुमचा पडदा उशिरा काढला तरी दिसेल. हिचा मेंदू बघणं आत्ता शिकतोय. आत्ता उजेड आत गेला नाही, तर पुढं डोळे स्वच्छ होऊनही तिला नीट दिसायचं नाही."

आजी उठल्या, बाळ पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "चला, मीबी येते संगट." पुण्याला वेळेत ऑपरेशन झालं.

बाईंनी लग्न केलं नाही. दवाखाना बंद केल्यापासून घरी मी गेले तरच बोलणं, एरवी रेडिओ. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण खरं आहे.

मध्यंतरी बाई आणि मी शिरूरला एका लग्नाला गेलो होतो. रस्त्यात तीच मुलगी दिसली, जाड चष्मा, कॉलेजची बॅग. मी हाक मारणार, तोच बाईंनी माझा हात धरला. "नको गं. तिला काय आठवणार?" मुलगी दोन्हीकडे नीट बघून रस्ता ओलांडून आमच्या शेजारून निघून गेली. बाई बराच वेळ तिकडेच बघत उभ्या होत्या.

माणसाला आठवत नाही, नेमक्या त्याच वयाची सेवा बाईंनी जन्मभर केली. म्हणून ही विनंती आठवणाऱ्या आईबापांना. बाईंची प्रकृती चांगली राहो, शंभरी त्यांनी पाहावी, हे आपण सगळे देवाकडे मागतोच आहोत. पण एखाद्या रविवारी मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा, या कोण ते मुलांना सांगा. नाहीतर आपण मागितलेलं एवढं मोठं आयुष्य त्यांना एकट्यानंच काढावं लागेल.