उजवी कळी

दोन कळ्यांपैकी उजव्या कळीला मी पाणी लावलं नव्हतं. एवढं एक वाक्य गेली अकरा वर्षं मी कुणापाशी बोललो नाही. वडिलांपाशी नाही, बायकोपाशी नाही, आणि ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं त्या सखारामपाशी तर नाहीच. महिन्यापूर्वी पोलादपूरच्या शाळेत मी तिसरीचा वर्ग घेत होतो, तेव्हा आमच्या वाडीतला एकजण दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, सखाराम गेला. बांधाला दगड लावत व्हता. बसला तो बसलाच." वर्ग तसाच सोडून मी निघालो. चढणीवर मनात दुःखाच्या आधी दुसरंच काही आलं... आता सांगायला कुणी उरलं नाही. आणि त्यात थोडी सुटकाही वाटली, हे आज लिहून टाकतो.

सखाराम आणि मी एका वाडीतले, एका वयाचे. आम्ही गुरव, देवळाची पूजा आमच्या घरात. तो शेतकऱ्याचा मुलगा, आणि उतारावरच्या भातखाचरांना दगडी बांध घालण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. चुना नाही, माती नाही. दगड हातात घेऊन फिरवायचा, त्याची बाजू शोधायचा आणि म्हणायचा, "ह्याला कुठं बसायचं हाय ते ह्यालाच ठावं. आपण निसतं इचारायचं." लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तो दगडांना खरोखरच विचारू लागला. ते उत्तरं देतात म्हणाला. मग दगडांखाली माणसं दडलीत, ती आपल्यावर टपलीत म्हणू लागला. घरचं जेवण टाकलं, त्यात कुणी काही कालवलंय म्हणून. वाडीनं ठरवलं, वारं लागलं. माझ्या वडिलांनी, आबांनी, दोन वर्षं नारळ दिले, अंगारे लावले, उतारे टाकले. गुण येईना. शेवटी मुंबईत गिरणीत असलेला त्याचा मेहुणा त्याला तिथल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. सात-आठ महिन्यांनी परत आला तो आमचा जुना सखाराम. सोबत गोळ्यांची बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी. ती चिठ्ठी त्याच्या ओसरीवर मीच वाचून दाखवली. स्किझोफ्रेनिया या शब्दाला मी अडखळलो. पुढच्या वाक्यात अडखळण्यासारखं काही नव्हतं : बरं वाटलं तरी गोळ्या बंद करू नयेत.

त्यानंतरच्या शिमग्यात, होळीपाशी सगळे जमलेले असताना, कुणीतरी आबांना म्हणालं, "आबा, तुमच्या देवाला दोन वर्सांत जमलं नाय ते बाटलीनं केलं की वो. आता बाटलीच बसवा गाभाऱ्यात." सगळे हसले. आबाही हसले. घरी येऊन मात्र भिंतीकडे तोंड करून निजले, पानावर आले नाहीत. त्यांची नजर अधू झाली होती, पूजा मीच करायचो. त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात ते बाटलीचं वाक्य बसलं होतं.

इकडे गोळ्यांनी सखारामचे हात थरथरायला लागले. दगड हातातून निसटायचा. त्याची आई म्हणाली, "हात नाय तर मानूस कसला? देवालाच इचारू." आमच्याकडे कौल लावतात तो असा : देवाच्या पाषाणाला डावीउजवीकडे दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न होता, गोळ्या बंद कराव्या काय. चैत्रातली सकाळ होती. गाऱ्हाणं आबा घालत होते, कळ्या मी लावत होतो. डावी मी चांगली भिजवून अंगठ्यानं दाबली. उजवी कोरडीच नुसती टेकवली. आबांचं गाऱ्हाणं संपायच्या आत ती पडली. आबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज दिसलं. सखारामनं देवापुढे डोकं टेकलं. "देवाचा सबूद," म्हणाला, "त्याच्या म्होरं माझं काय?" ती चिठ्ठी वाचणारा मी तिथेच, हातभर अंतरावर उभा होतो.

दसऱ्याच्या आत सगळं उलटलं. सखारामनं स्वतः घातलेला बांध स्वतःच्या हातांनी उपसला, एकेक दगड काढून, खालची माणसं शोधत. आलेलं भात मातीसकट ओढ्याला गेलं. त्याची बायको, येसूवहिनी, वर्षाच्या लेकीला घेऊन माहेरी गेल्या. जाताना देवळापाशी थांबून मला म्हणाल्या, "भावजी, देवानं असं कसं वो सांगितलं?" मी म्हणालो, देवाच्या मनात काय असेल ते आपल्याला कळत नाही... तीन वर्षं सखाराम रानोमाळ फिरला. चिठ्ठी त्यांच्या घरात आढ्याला खोचलेली होती. कुठल्याही दिवशी जाऊन मी ती पुन्हा वाचून दाखवू शकत होतो. गेलो नाही. आबा समाधानात गेले. त्यांच्यानंतर मेहुण्यानंच पुन्हा सखारामला मुंबईला नेलं.

या वेळी परत आला तो एस.टी.तून उतरून थेट देवळात, हातात बाटली. "मास्तर, ही तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. घरी म्हातारी टाकून देल. तू नाय विसरायचास." मी ती सभामंडपाच्या कोनाड्यात ठेवली; संपत आली की मेहुणा मुंबईहून नवी धाडायचा. तेव्हापासून रोज सकाळी शाळेला निघण्याआधी मी लोटीत पाणी घेऊन थांबायचो, तो यायचा, गोळी घ्यायचा, बांधावर जायचा. हात थरथरायचेच, म्हणून धाकटे दगड घ्यायला शिकला. कोयनेच्या भूकंपात वाडीतली घरं हलली, त्याचा बांध हलला नाही. आवाज पुरते गेले का, असं एकदा विचारलं तर म्हणाला, "येतात रे कधीमधी. पल्याडच्या वाडीत कोण बोलतंय तसे. बोलू दे. आपला दगड आपण लावायचा." वहिनी आल्या. चार वर्षांची लेक त्याला बघून आईच्या लुगड्याआड गेली. पुढे पाणी द्यायची, भाकरी द्यायची, पण त्याला तिनं कधी हाक मारली नाही. शेवटपर्यंत ती म्हणायची, "आये, त्यांना सांग, पेज वाढलीया."

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी गोळी तोंडात टाकून लोटी माझ्या हातात देताना सखाराम सहज बोलला, "कौलाच्या दिशी माझे हात गोळ्यांनी थरथरत व्हते. तुझे कशानं रे, मास्तर?"

मी म्हणालो, "थंडी होती."

"चैतात?" तो हसला, खांद्यावरची घोंगडी सावरली आणि गेला. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा आला. तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मीही नाही. नंतरच्या प्रत्येक सकाळी मला तोंड उघडता आलं असतं...

बाटली अजून कोनाड्यात आहे, तळाशी थोड्या गोळ्या आहेत. सकाळी सवयीनं लोटी भरली जाते, मग ते पाणी मी तुळशीला घालतो. येसूवहिनी अजूनही सणाला देवाला नारळ पाठवतात, पण स्वतः देवळाची पायरी चढत नाहीत. देव आपल्या माणसाच्या बाबतीत चुकला, असं त्या धरून आहेत. देव चुकला नव्हता. त्या कळ्या मी लावल्या होत्या. त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या लेकीसमोर बसून हे सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.