गुरुजींच्या बेताने चालणारी मोटार

पंचवटीतल्या आमच्या दत्तू पगारने २००४ साली सायबर कॅफे काढला आणि हट्टाने सगळ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. तत्त्व म्हणून टाकलं, असं तो सांगायचा. फुकट मिळतं, हेच ते तत्त्व. विंडोजवर सुसाट पळणारा मोटारींच्या शर्यतीचा गेम त्याच्याकडे निफाडची उसाची बैलगाडी चढावर रेंगाळावी तसा चालायचा. कॉलेजची पोरं एकदा यायची आणि शिव्या घालत जायची.

टिकले फक्त रामकुंडावर पूजा सांगणारे बाळंभट गुरुजी. यजमान रामकुंडात आंघोळीला उतरला की हे सोवळ्यातच येऊन खुर्चीत बसायचे आणि त्या रेंगाळत्या गतीत हमखास शर्यत जिंकायचे.

दत्तूला मात्र त्या गतीची लाज वाटायची. बरेच दिवस डोकं फोडून त्याने ग्राफिक्स कार्डाचा योग्य ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड नीट चालवणारं सॉफ्टवेअर, शोधून बसवला. गेम पळायला लागला. गुरुजींनी पहिल्याच वळणावर मोटार भिंतीवर घातली, मग पुन्हा घातली, आणि सोवळं सावरत उठले.

"दत्तू, पहिल्यासारखं कर. नाहीतर मी येत नाही."

दत्तूने निमूटपणे ड्रायव्हर काढून टाकला. संध्याकाळी मला ऐटीत म्हणाला, "बघ, लिनक्समध्ये गिऱ्हाईकाला हवं तसं करून देता येतं. विंडोजमध्ये आहे का ही सोय?"