इंग्रजीतून परत आलेली कामं

"पिक अप द कप्स."

सरांनी माझ्याकडे बोट केलं. मुरबाडच्या एका शाळेत आम्ही चाळीस प्राथमिक शिक्षक सतरंजीवर बसलो होतो. चहा नुकताच झाला होता. रिकामे कप ज्याच्या त्याच्या पुढ्यात. मी उठलो. एक कप उचलला, दुसरा उचलला, बोटांत अडकवत पुढे गेलो.

"गुड. नाउ वाइप अप द टी."

कुणाचा तरी चहा सांडला होता. सरांनी फळा पुसायचं फडकं माझ्या अंगावर फेकलं. मी वाकून पुसलं.

"थ्रो अवे द पेपर्स."

बिस्किटांच्या पुड्यांचे कागद. तेही मी गोळा करायला लागलो. माणसं हसत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "हात कसा बसलाय बघा!" त्यावर जास्तच हशा झाला.

पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं त्या वर्षीची गोष्ट. आम्हा शिक्षकांनाच धड बोलता येत नव्हतं, म्हणून तीन दिवसांचं प्रशिक्षण लावलेलं. शिकवणारे सर शहरातून आले होते. पद्धत अशी, की इंग्रजीत हुकूम द्यायचा आणि ऐकणाऱ्यानं ते काम करून दाखवायचं. भाषांतर करायचं नाही.

पद्धत चांगली होती. आजही म्हणतो. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं. पिक अप, थ्रो अवे असले जोडशब्द यादी करून पाठ केले होते, प्रत्येकासमोर मराठी अर्थ. तोंडात कधी आले नाहीत. त्या सकाळी पहिल्यांदा उमजलं. इंग्रजीत मोजकी क्रियापदं दिवसभर राबतात. गेट, टेक, पुट, लुक. त्यांच्या मागे एक चिमूटभर शब्द बसतो आणि कामाची दिशा ठरवतो. गेट अप म्हणजे अंथरुणातून उठणं. गेट ऑन म्हणजे एसटीत चढणं, गेट ऑफ म्हणजे उतरणं. क्लीन अपमधल्या अपचा वर जाण्याशी संबंध नाही. तिथे त्याचा अर्थ पार, शेवटपर्यंत. आपल्याकडेही फेक वेगळं आणि फेकून दे वेगळं. मागचा छोटा शब्द सगळा भाव बदलतो. हे मुलांना कसं सांगायचं ते माझ्या डोक्यात तयार होत होतं.

तयार होण्याला कारणही होतं. प्रशिक्षण संपल्यावर आमच्या केंद्रातून, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांतून, एका शिक्षकाला निवडणार होते. त्यानं पुढे बाकीच्या गुरुजींना इंग्रजी शिकवायचं. केंद्रप्रमुखांनी माझं नाव पुढे केलं होतं. आमच्या वस्तीतला माणूस खडू घेऊन गुरुजींच्या पुढे उभा राहिला असता. असं आधी झालेलं नव्हतं. मला ते हवं होतं. फार हवं होतं.

कागद गोळा करताना माझं मोजणं सुरू झालं. ही माझी सवय, मोजल्याशिवाय बोलत नाही. सकाळपासून सरांनी अकरा जणांना उठवलं होतं. कुणाला लुक अप, कुणाला कम इन, कुणाला रीड आउट. एकाला खुर्चीवर बसवून लीन बॅक, म्हणजे आरामात रेलून दाखव. वाकायचं, पुसायचं, उचलायचं काम फक्त मला.

पहिल्या तासाला ओळख करून देताना सरांनी मला विचारलं होतं, "सापगाव? सापगावात कुठे?"

"बुद्धवाडा."

"अच्छा, अच्छा."

बाकी कुणाला कुठे म्हणून विचारलं नव्हतं.

माझ्या आजोबांना गावातून नावानं हाक यायची नाही. यायचं ते नुसतं क्रियापद. उचल. ओढ. झाड. फेकून दे. धर्म बदलल्यावर वडलांनी ही कामं बंद केली. मेलेलं जनावर ओढायला नाही म्हणाले. त्या साली त्यांना भातलावणीला कुणी बोलावलं नाही. ते कल्याणला बांधकामावर गेले, पण परत ओढायला गेले नाहीत. वडलांनी मराठीत सोडलेली कामं मला इंग्रजीत परत मिळाली होती. आणि मी ती करत होतो. बिनचूक. शाबासकी घेत.

मी हातातले कप आणि कागद सरांच्या टेबलावर ठेवले.

"सर, हे मी करणार नाही."

"अहो, अॅक्टिव्हिटी आहे ही. मनाला काय लावून घेता?"

"मग एकदा तुम्ही करा. हुकूम मी देतो."

हसणं थांबलं. सरांचा चेहरा लाल झाला.

"सिट डाउन."

तोही हुकूमच. मी बसलो नाही. बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. माझ्यामागून कुणी आलं नाही. आत लगेच पुढचं वाक्य सुरू झालं. सगळे एका सुरात म्हणत होते.

संध्याकाळी जीपमध्ये माझा मित्र शेजारी बसला. एकाच केंद्रातले आम्ही. घरची भातशेती, मनानं चांगला माणूस, माझ्या मुलीच्या बारशाला जेवून गेलेला.

"कशाला वाढवलंस रे? चार कप उचलले असतेस तर काय झालं असतं?"

"तू उचलले असतेस?"

"मला कुठं सांगितलं?"

त्याला हे बोलताना काहीच वाटलं नाही. तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी बोट केलं ते कोपऱ्यातल्या बाईंकडे. कसाऱ्याकडच्या ठाकूरवाडीतली आदिवासी पोर, आमच्याच केंद्रात नुकतीच शिक्षणसेवक म्हणून लागलेली.

"पिक अप द कप्स."

त्या उठल्या. मी जागेवरून म्हणालो, "बाई, नका उचलू."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाईंनी बघितलं नाही. त्यांनी सगळे कप उचलले. फरशी पुसली. कागद बाहेर टाकून आल्या. सर म्हणाले, "एक्सलंट. क्लॅप्स." टाळ्या झाल्या.

नंतर नळावर त्या मला म्हणाल्या, "सर, तुमची नोकरी पक्की हाय. माझी तीन वरसं व्हायचीत अजून. तुमी नाय म्हनलात, आन् ते माझ्याकडं आलं."

  मी खाली ठेवलं ते माझ्याहून खालच्याला उचलावं लागलं. एकट्यानं नकार दिला की काम संपत नाही, हात बदलतो.

निवड माझ्या मित्राची झाली. त्यानं येऊन सांगितलं, "मी मागितलं नव्हतं रे." खरं होतं ते. माझ्याबद्दल वर काय गेलं ते केंद्रप्रमुखांनी तोंडी सांगितलं: सहकार्य करत नाही. पुढच्या कुठल्याच इंग्रजीच्या प्रशिक्षणाला मला शिकवायला बोलावलं नाही. मित्राच्या वर्गाला मी शिकणारा म्हणून बसलो. चहानंतर कप त्याच बाईंनी उचलले. हुकूम द्यायचीही गरज पडली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून पहिली-दुसरीला शिकवतो. वर्गात कातकरी वाडीची मुलं आहेत. निम्मी दिवाळीनंतर आई-बापाबरोबर वीटभट्टीवर जातात, पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात, काही येत नाहीत. भट्टीवर त्यांना इंग्रजीत हुकूम देणारं कुणी नाही. माझ्या शिकवण्यानं त्यांची एक वीट कमी होणार नाही, हे मला माहीत आहे.

पाठ्यपुस्तकात हुकूम भरपूर आहेत. स्टँड अप, सिट डाउन, पिक अप, पुट अवे. उत्तर एकही नाही. मी एक घातलंय. "नो, आय वोन्ट." नाय, मी नाय करनार. दोन्ही भाषांत म्हणायला लावतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे कुठल्या पानावर आहे?" मी म्हणालो, "पानावर नाही." त्यांनी शेरा मारला. मारू दे.

पाठ म्हणतात, पण खरा हुकूम आला की मुलं म्हणत नाहीत. "पिक अप" म्हटलं की सात वर्षांची पोर धावत जाऊन उचलते आणि माझ्या तोंडाकडे बघते, शाबासकीसाठी. मी शाबासकी देत नाही. ती वस्तू तिच्या हातून घेतो, जमिनीवर ठेवतो आणि तोच हुकूम परत देतो. ती परत उचलते. मी परत ठेवतो. तिच्या तोंडून "नाही" निघाल्याशिवाय मी पुढचं वाक्य शिकवत नाही. अभ्यासक्रम मागे पडतो, दरवर्षी पडतो. मी निवृत्त होईपर्यंत पडेल.